अक्षरांच्या आधीची तयारी : तीन ते सहा वर्षांच्या मुलांना वाचनाकडे नेताना

मूल तीन वर्षांचे झाले की घरातल्या मोठ्यांना पहिली घाई होते ती अक्षरांची. मुळाक्षरांचा तक्ता भिंतीवर लागतो, मूल तो घडाघडा म्हणून दाखवते, आणि वाचनाला सुरुवात झाली असे सर्वांना वाटू लागते. परंतु तक्ता पाठ म्हणणे आणि वाचणे यांत मोठे अंतर आहे, आणि या वयात ते अंतर अक्षरे गिरवण्यापेक्षा बोलणे, ऐकणे आणि गोष्टी यांमुळे अधिक लवकर कमी होते. हा लेख हे काम पहिल्यांदाच हाती घेणाऱ्या आई-वडिलांसाठी, आजी-आजोबांसाठी आणि बालवाडीत नव्याने रुजू झालेल्या शिक्षकांसाठी आहे.

बोलायला मूल भोवतालची भाषा ऐकत आपोआप शिकते. वाचायला मात्र शिकवावे लागते. लिपी माणसाने सुमारे पाच हजार वर्षांपूर्वी घडवली, त्यामुळे वाचनासाठी राखून ठेवलेला भाग घेऊन कोणाचाही मेंदू जन्माला येत नाही. वस्तू आणि चेहरे ओळखणाऱ्या भागाचाच एक हिस्सा सरावाने अक्षरांच्या कामी लागतो आणि तो ऐकण्या-बोलण्याच्या भागांशी जोडला जातो. फिलिप गफ आणि विल्यम टनमर या अभ्यासकांनी १९८६ मध्ये वाचनाचे एक साधे सूत्र मांडले : लिहिलेला शब्द उलगडण्याची, म्हणजे अक्षरांवरून तो उच्चारण्याची, क्षमता आणि बोललेली भाषा समजण्याची क्षमता यांचा गुणाकार म्हणजे समजून केलेले वाचन. येथे बेरीज नसून गुणाकार आहे, हे महत्त्वाचे. दोहोंपैकी एक बाजू शून्य असेल तर दुसरी कितीही भक्कम असली तरी हाती काही लागत नाही. शब्द उलगडायला शाळा शिकवतेच. भाषेची बाजू मात्र त्याआधीच्या वर्षांत आणि मुख्यतः घरात घडते. म्हणून पुढील पायऱ्यांमध्ये अक्षरे जाणीवपूर्वक उशिरा ठेवली आहेत.

पहिली पायरी : कान आणि डोळे तपासून घ्या

ही पायरी लहान आहे, पण ती वगळू नये. वारंवार सर्दी होणाऱ्या काही मुलांच्या कानाच्या पडद्यामागे द्रव साचून राहतो आणि त्यांना आठवडेच्या आठवडे अस्पष्ट ऐकू येते. असे मूल बहिरे नसते, हाक मारली की वळते, त्यामुळे कोणाच्या लक्षात येत नाही. मात्र ‘प’ आणि ‘ब’ किंवा ‘त’ आणि ‘द’ यांतला बारीक फरक त्याच्या कानातून निसटत राहतो. दृष्टीचेही तसेच आहे. एका डोळ्याची नजर मंद असली तरी मूल तक्रार करत नाही, कारण स्पष्ट दिसणे म्हणजे काय हे त्याला ठाऊकच नसते. तीन ते पाच या वयात एकदा तरी डोळ्यांची तपासणी करून घ्यावी. मंददृष्टीवरील उपचार लहान वयात जितके लागू पडतात तितके पुढे पडत नाहीत.

दुसरी पायरी : मुलाशी बोलण्यापेक्षा त्याच्यासोबत बोला

मुलाच्या कानावर भरपूर शब्द पडावेत, हा सल्ला बहुतेकांनी ऐकलेला असतो. तो चुकीचा नाही, पण अपुरा आहे. अमेरिकेतील संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात चार ते सहा वर्षांच्या मुलांची घरातली संभाषणे ध्वनिमुद्रित केली आणि नंतर गोष्ट ऐकताना त्यांच्या मेंदूत काय घडते ते पाहिले. ज्या मुलांच्या वाट्याला मोठ्यांशी बोलण्याच्या अधिक फेऱ्या आल्या होत्या, म्हणजे मोठ्यांनी काही म्हटले, मुलाने उत्तर दिले, पुन्हा मोठ्यांनी त्यावर काही म्हटले, अशी देवाणघेवाण ज्यांना अधिक मिळाली होती, त्यांच्या मेंदूतील भाषेशी संबंधित भाग अधिक सक्रिय होता. घराचे उत्पन्न आणि ऐकलेल्या शब्दांची एकूण संख्या हिशोबात धरूनही हा संबंध टिकून राहिला.

यातून घरासाठी सरळ नियम निघतो : मुलाला उत्तर देण्याची संधी आणि वेळ द्या. प्रश्न विचारल्यावर मोठी माणसे दोन क्षणही थांबत नाहीत आणि उत्तर स्वतःच देऊन टाकतात. मनातल्या मनात पाचपर्यंत आकडे मोजा. तीन वर्षांच्या मुलाला शब्द शोधायला, ते जुळवायला आणि उच्चारायला तेवढा अवधी लागतोच. प्रश्नही असे विचारा की ज्यांचे उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ यावर संपणार नाही. “अंघोळ झाली का?” या प्रश्नावर संभाषण थांबते, “पाणी अंगावर पडल्यावर कसं वाटलं?” या प्रश्नावर ते सुरू होते.

मूल अर्धवट किंवा चुकीचे वाक्य बोलले तर त्याला अडवून सुधारू नका. “मी पाणी पिला” असे ते म्हणाले, तर “हो, तू पाणी प्यायलास, सगळा पेला रिकामा केलास,” असे म्हणून योग्य रूप आणि थोडी भर त्याच्या कानी घाला. चूक दाखवली गेली नाही, पण बरोबर रूप ऐकायला मिळाले. दिवसभर असे होत राहिले की मूल ती रूपे स्वतःहून उचलते.

घरात कोणती भाषा बोलावी, ही शंका फार पालकांना असते, विशेषतः शाळेची भाषा वेगळी असणार असेल तर. ज्या भाषेत तुम्ही सहज रागावता, समजूत घालता आणि गोष्ट रंगवून सांगता, तीच भाषा मुलाशी बोला. स्वतःला पुरेशी न येणारी भाषा मुलासाठी ओढूनताणून बोलण्याने त्याला मिळणारे शब्द कमी होतात, वाक्ये तोकडी होतात आणि गप्पा तर जवळजवळ बंदच पडतात. एका भाषेत घडलेली समज, शब्दांच्या ध्वनींकडे लक्ष देण्याची सवय आणि गोष्टीची घडण ओळखण्याची क्षमता दुसऱ्या भाषेतील वाचनालाही उपयोगी पडते.

तिसरी पायरी : रोज वाचून दाखवा, आणि वाचताना थांबा

सर्व पायऱ्यांतून एकच निवडायला सांगितली तर मी ही निवडेन. चित्रांच्या पुस्तकांत असे शब्द आणि अशी वाक्यरचना भेटते जी रोजच्या बोलण्यात क्वचितच येते. ‘अचानक’, ‘विशाल’, ‘कुजबुजणे’, ‘जरी... तरी’ असे शब्द जेवताना किंवा कपडे घालताना आपण कितीदा वापरतो? मुलाला ते पुस्तकातूनच मिळतात, आणि पुढे शाळेतल्या धड्यांत तीच भाषा त्याच्यासमोर येते.

मात्र वाचण्याच्या पद्धतीने फार फरक पडतो. ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात दोन-तीन वर्षांच्या मुलांच्या काही पालकांना महिनाभर संवाद साधत वाचण्याची पद्धत वापरायला सांगितली, तर इतर पालक नेहमीप्रमाणेच वाचत राहिले. महिन्याअखेरीस पहिल्या गटातील मुले बोलण्याच्या क्षमतेत स्पष्टपणे पुढे गेलेली आढळली. या पद्धतीत चार कृती एकामागून एक येतात. चित्राकडे किंवा प्रसंगाकडे बोट दाखवून मुलाला काहीतरी विचारायचे. त्याच्या उत्तराला दाद द्यायची. त्या उत्तरात दोन-तीन शब्दांची भर घालायची. आणि वाढवलेले वाक्य त्याच्याकडून पुन्हा म्हणवून घ्यायचे. मुलाने “कुत्रा” म्हटले, तर “बरोबर, पळणारा काळा कुत्रा,” असे म्हणावे आणि थोड्या वेळाने तेच चित्र आले की त्याला पूर्ण म्हणू द्यावे.

पुस्तक पहिल्यांदा वाचताना मध्ये फार थांबू नये, गोष्टीचा ओघ तुटतो. दुसऱ्या-तिसऱ्या वाचनापासून प्रश्न वाढवावेत. ते वेगवेगळ्या प्रकारचे असू द्यावेत : ओळखीच्या ओळीचा शेवटचा शब्द मुलाला भरू देणे, आधी काय घडले ते आठवायला लावणे, चित्रात काय चालले आहे ते सांगायला लावणे, कोण-कुठे-का असे विचारणे, आणि गोष्टीतला प्रसंग मुलाच्या स्वतःच्या अनुभवाशी जोडणे. यांतला शेवटचा प्रकार मला सर्वांत मोलाचा वाटतो. “तूही असाच अंधाराला घाबरला होतास ना, तेव्हा आपण काय केलं होतं?” या प्रश्नाने मूल डोळ्यांसमोर नसलेल्या गोष्टीविषयी बोलायला लागते, आणि वाचन म्हणजे शेवटी डोळ्यांसमोर नसलेले जग शब्दांतून उभे करणेच असते.

मूल तेच पुस्तक पुन्हा पुन्हा मागते तेव्हा कंटाळू नका आणि त्याला दुसऱ्या पुस्तकाकडे ढकलू नका. ओळखीच्या गोष्टीत पुढे काय होणार हे त्याला ठाऊक असते, त्यामुळे नवे शब्द आणि वाक्ये यांकडे लक्ष द्यायला त्याला उसंत मिळते. चुळबुळ करणाऱ्या मुलाला मांडी घालून बसवण्याचा आग्रहही नको. हातात खेळणे घेऊन फिरणारे मूलही ऐकत असते. दिवसातून दहा-पंधरा मिनिटे पुरेत, पण ती रोज हवीत. ज्या मोठ्यांना स्वतःला वाचता येत नाही त्यांनी चित्रे पाहून गोष्ट रचावी किंवा तोंडी सांगावी. वर सांगितलेल्या चारही कृती तेथे तशाच करता येतात.

चौथी पायरी : शब्दांच्या आवाजांशी खेळा

‘गाय’ हा शब्द मोठा की ‘फुलपाखरू’, असे चार वर्षांच्या मुलाला विचारून पाहा. बरीच मुले ‘गाय’ म्हणतील, कारण गाय मोठी असते. शब्दाचा अर्थ बाजूला ठेवून त्याच्या आवाजाकडे पाहणे ही नवी दृष्टी आहे आणि ती आल्याशिवाय अक्षर हे आवाजाचे चिन्ह आहे, हे मुलाला उमगत नाही. ही जाण केवळ कानाची असते. तिच्यासाठी कागद लागत नाही, आणि चालताना, वाट पाहताना किंवा घरकाम करतानाही ती वाढवता येते.

क्रम मोठ्या तुकड्यांकडून लहान तुकड्यांकडे जातो. सुरुवात यमकांपासून करा. ‘पान-कान-मान’, ‘पाटी-वाटी-काठी’ असे शब्द म्हणत जा आणि मध्येच न जुळणारा शब्द टाकून मुलाला तो पकडू द्या. निरर्थक यमके जुळवली तरी चालतात, उलट मुलांना त्यांतच अधिक मौज वाटते. त्यानंतर शब्द तोडा आणि जोडा : ‘आगगाडी’मधून ‘आग’ काढली तर काय उरेल? मग टाळ्या वाजवत शब्दाचे तुकडे मोजा : मा-सा, पाक-ळी, फुल-पाख-रू. येथे मोठ्यांनी एक काळजी घ्यायला हवी. आपल्याला लिखाणाची सवय असल्याने ‘कमळ’ म्हणताना आपण तीन अक्षरे मोजतो, पण बोलताना तो ‘क-मळ’ असा दोनच टाळ्यांत येतो. मुलाने दोन टाळ्या वाजवल्या तर त्याचा कान बरोबर आहे; त्याला तिसरी टाळी वाजवायला लावू नका.

यानंतर शब्दाच्या आरंभाकडे वळा. ‘का’पासून सुरू होणाऱ्या किती गोष्टी आठवतात? काका, काठी, कावळा, कापूस. शेवटी सर्वांत बारीक खेळ येतो : ‘मा, मी, मू, मे, मो’ असे एकाच व्यंजनाला वेगवेगळे स्वर लावून म्हणायचे, आणि मग एखादी ओळखीची ओळ सगळी ‘ई’ने किंवा सगळी ‘ऊ’ने म्हणून दाखवायची. यात व्यंजन आणि स्वर हे दोन वेगळे घटक आहेत, हे मुलाच्या कानाला हळूहळू कळते, आणि पुढे मात्रा, वेलांटी, उकार शिकताना हीच जाण त्याच्या मदतीला येते. हा खेळ पाच वर्षांच्या आत जमला नाही तर घाबरू नये. इतकी बारीक फोड बहुतेक मुलांना अक्षरे शिकू लागल्यावरच साधते.

पाचवी पायरी : छापलेल्या मजकुराकडे लक्ष वेधा

डोळ्यांच्या हालचाली टिपणाऱ्या अभ्यासांतून असे दिसले आहे की गोष्ट ऐकताना लहान मुले जवळजवळ सारा वेळ चित्रांकडे पाहतात आणि मजकुराकडे क्वचितच. म्हणजे केवळ वाचून दाखवल्याने मजकुराची ओळख होत नाही. ती मुद्दाम, पण अल्प प्रमाणात करून द्यावी लागते. कधी शीर्षकाखाली बोट फिरवत वाचावे, कधी “आता कुठून वाचायला सुरुवात करायची?” असे विचारावे, कधी एखादा मोठ्या ठशातला शब्द दाखवून येथे पात्र ओरडते आहे असे सांगावे. एका वाचनात असे दोन-तीन उल्लेख पुरेसे आहेत, त्याहून अधिक झाले की गोष्टीचा धडा होतो.

मजकूर डावीकडून उजवीकडे जातो, ही आपल्याला इतकी उघड वाटणारी गोष्ट मुलाला कोणी सांगितल्याशिवाय कळण्याचे कारण नसते. ‘नाक’ आणि ‘कान’ हे दोन शब्द एकाखाली एक लिहून दाखवा : चिन्हे तीच, पण एकीकडून वाचले तर नाक आणि उलट क्रमाने मांडले तर कान. दिशेचे महत्त्व सांगायला याहून सोपे उदाहरण मिळणार नाही. याशिवाय घरात लिहिण्याचा उपयोग मुलाच्या देखत करा. यादी लिहिताना ती मोठ्याने म्हणा, मुलाने सांगितलेले वाक्य त्याच्या चित्राखाली लिहा आणि त्यालाच वाचून दाखवा. आपण बोललेले कागदावर थांबते आणि उद्याही जसेच्या तसे परत मिळते, हा शोध मुलासाठी फार मोठा असतो.

सहावी पायरी : आता अक्षरे

साधारण चार ते पाच या वयात, वरील पायऱ्या रुळल्यानंतर, अक्षरांना हात घालावा. सुरुवात मुलाच्या नावापासून करा. स्वतःच्या नावातील अक्षरे, विशेषतः पहिले, मुले इतर अक्षरांच्या आधी ओळखू लागतात, कारण ती त्यांना आपली वाटतात.

पुढे मुळाक्षरांच्या परंपरेने ठरलेल्या क्रमाने जाण्याचे बंधन नाही. तो क्रम उच्चारस्थानांनुसार लावलेला आहे आणि शास्त्रीय दृष्टीने सुंदर आहे, पण तो शिकणाऱ्याच्या सोयीसाठी रचलेला नाही. ‘क, न, म, ल’ ही चार अक्षरे आणि काना एवढ्याच भांडवलावर कान, नाक, मान, लाल, काल, मका, मामा, काका इतके शब्द वाचता येतात. चार अक्षरांत खरा शब्द वाचता आला की मुलाला या उद्योगाचे प्रयोजन कळते. पन्नास चिन्हे पाठ होईपर्यंत त्याला थांबवून ठेवले तर ते कळत नाही. दिसायला सारखी असणारी अक्षरे, जसे ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’, ‘ब’ आणि ‘व’, एकाच आठवड्यात शिकवू नका. आधी एक पक्के होऊ द्या, मग दुसरे आणा आणि तेव्हा फरक दाखवा.

पहिली वेलांटी मुलांना हमखास अडवते, आणि त्याचे कारण लिपीत आहे. ‘कि’ लिहिताना वेलांटीची उभी रेघ ‘क’च्या आधी येते, पण उच्चारात ‘इ’ नंतर येते. मूल ‘इक’ असे वाचते तेव्हा ते नियमाप्रमाणेच डावीकडून उजवीकडे वाचत असते, म्हणून “चूक” असे न म्हणता हा अपवाद शांतपणे समजावून द्यावा. आपल्या लिपीतील चिन्हांची संख्या मोठी आहे, हेही विसरू नये. कन्नड मुलांच्या वाचनाचा अभ्यास करणाऱ्या सोनाली नाग यांनी दाखवून दिले आहे की अशा अक्षरलिपी पूर्ण आत्मसात व्हायला प्राथमिक शाळेची काही वर्षे जातात. जोडाक्षरे या वयात शिकवण्याचे कारण नाही. ती गोष्टीत दिसली तर दिसू द्यावीत.

काही अक्षरे आरशातल्यासारखी उलटी लिहिणे या वयात स्वाभाविक आहे. पेला उजवीकडून पाहिला काय किंवा डावीकडून पाहिला काय, पेलाच असतो, हे मेंदूने आधी शिकलेले असते; अक्षरांपुरते ते विसरायला त्याला वेळ लागतो.

घाई करावी की नाही, या प्रश्नावर न्यूझीलंडमधील २०१३ चा एक अभ्यास विचारात घेण्यासारखा आहे. तेथे पाचव्या वर्षी वाचन शिकू लागलेल्या मुलांची तुलना सातव्या वर्षी सुरुवात केलेल्या मुलांशी केली गेली, आणि सुमारे अकराव्या वर्षापर्यंत दोन्ही गटांतील वाचनक्षमतेचा फरक उरला नाही. मुलाला स्वतःला ओढ असेल तर त्याला अडवू नये, पण ओढ नसताना लवकर बसवून फार काही पदरात पडत नाही.

हात, पेन्सिल आणि बक्षिसे

लिहिणे हा हाताच्या वाढीचा भाग आहे आणि त्याचा क्रम बराचसा ठरलेला असतो. उभी रेघ पाहून काढणे दोन ते तीन वर्षांच्या दरम्यान जमते, गोल तिसऱ्या वर्षाच्या आसपास, अधिकचे चिन्ह चौथ्या वर्षाच्या सुमारास, चौकोन साडेचार-पाचला आणि त्रिकोण पाचच्या पुढे. देवनागरी अक्षरांत वळणे, गाठी आणि तिरक्या रेघा भरपूर आहेत, म्हणून चौकोन न जमणाऱ्या मुलाकडून पानभर अक्षरे गिरवून घेणे त्याच्या हातावर अन्याय करणारे आहे. तोवर मातीकाम, मणी ओवणे, कागद फाडणे आणि चिकटवणे, जाड खडूने मोठ्या पृष्ठभागावर चित्र काढणे, यांनी बोटे आणि मनगट तयार होऊ द्या.

वाचल्याबद्दल बक्षीस लावू नका. १९७३ मध्ये झालेल्या एका प्रसिद्ध प्रयोगात चित्रे काढायला आवडणाऱ्या बालवाडीतल्या मुलांपैकी काहींना आधी सांगून बक्षीस दिले गेले. पुढे मोकळ्या वेळेत त्यांनी इतरांपेक्षा कमी वेळ चित्रे काढण्यात घालवला. आवडीच्या कामाला किंमत लावली की ते काम किंमतीसाठीच केले जाते. मोबाइल आणि टीव्हीच्या पडद्याबाबत जागतिक आरोग्य संघटनेची २०१९ ची शिफारस अशी आहे की दोन ते चार वर्षांच्या मुलांनी दिवसाकाठी एका तासापेक्षा अधिक वेळ पडद्यासमोर बसू नये, आणि तीन-चार वर्षांच्या मुलांना दहा ते तेरा तास झोप मिळावी. अक्षरे शिकवणारे अॅप असले तरी तो वेळ याच तासात धरावा.

मदत कधी मागावी

प्रत्येक मुलाचा वेग वेगळा असतो, हे खरे. पण त्या वाक्याच्या आधाराने वाट पाहत बसणेही बरे नाही. दोन वर्षांचे मूल दोन शब्द जोडून बोलत नसेल, तीन वर्षांच्या मुलाचे बोलणे घराबाहेरच्यांना बहुतांशी कळत नसेल, किंवा भरपूर खेळ आणि वाचन होऊनही पाच वर्षांनंतर यमक ओळखता येत नसेल आणि स्वतःच्या नावातील अक्षरे वारंवार दाखवूनही लक्षात राहत नसतील, तर बालरोगतज्ज्ञांना आणि वाचा-उपचारतज्ज्ञांना भेटावे. आई-वडिलांपैकी कोणाला किंवा भावंडांना वाचताना अडचणी आल्या असतील तर ती माहिती आवर्जून द्यावी, कारण वाचनदोष बऱ्याचदा कुटुंबात चालत येतो. भेटीला जाण्याआधी आठवडाभर मुलाची वाक्ये जशीच्या तशी, तारखेसह वहीत लिहून ठेवा आणि जमल्यास त्याच्या बोलण्याचे दोन-तीन मिनिटांचे ध्वनिमुद्रण सोबत न्या. अनोळखी खोलीत गप्प बसलेल्या मुलापेक्षा या नोंदींवरून तज्ज्ञांना अधिक कळते.